मुंग्यांचा परबंद

मला हवं होतं कारवारकडचं रान आणि मिळालं वाशीम. आज हे मी हसत सांगते, पण तेव्हा हसू येत नव्हतं.

कॉलेजात असताना आमची एक सहल कारवारच्या वरच्या अंगाला गेली होती. बाराही महिने हिरवं राहणारं, पावसानं चिंब झालेलं रान. बरोबरची मुलं पायाच्या जळवा काढण्यात गुंतली होती आणि मी एका फांदीखाली मान वर करून उभी होते. वर तांबड्या मुंग्या हिरवी पानं शिवत होत्या. काही जणी दोन पानांच्या कडा ओढून धरत होत्या, आणि काही जणी आपल्याच अळ्या तोंडात धरून त्यांच्या तोंडातून निघणाऱ्या धाग्यानं त्या कडा जोडत होत्या. शिवणयंत्रही नाही आणि सुईही नाही. मान अवघडली तरी मला खाली बघवेना. डॉक्टरेट करायची तर या पावसाच्या रानातल्या मुंग्यांवर, असं मी त्याच फांदीखाली ठरवून टाकलं.

ठरवायला काय जातं? मी विधवा बाई. लग्न झालं तेव्हा परकर नेसत होते, आणि लुगडं नीट नेसता येऊ लागलं त्या सुमारास नवरा साथीत गेला. त्याचा चेहरा मला धड आठवत नाही. डावखुरा होता आणि जेवताना बोलत नसे, एवढंच आठवतं. पुढचं सगळं केलं ते मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. त्यांनी मला शाळेत घातलं, माझे केस राखले, गल्लीतल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि शेवटी कॉलेजात पाठवलं. ते आता थकले होते. "तुझ्या नावामागं डॉक्टर लागलेलं बघून जाईन म्हणतो," असं ते म्हणायचे. घरात बाकी कोणालाही माझ्या मुंग्यांचं सोयरसुतक नव्हतं. मामंजी आहेत तोवर माझं शिक्षण आणि मामंजी गेले की मी चुलीपाशी, हे कोणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मीसुद्धा.

म्हणजे माझ्याकडे वेळ होता तो मामंजींच्या आयुष्याएवढा. त्यात मला प्रबंध उरकायचा होता.

कारवारचं नाव काढल्यावर आमचे सर चष्मा पुसत बसले. ते घाबरले की चष्मा पुसत. "बाईमाणूस एकटी रानात राहणार कशी? हिवताप आहे, जनावरं आहेत. मुंग्या काय, सगळीकडे असतात." मग घरात खल झाला. माझे धाकटे दीर वाशीमला वकिली करत होते. त्या मुलखात आपलं माणूस आहे, तेव्हा मुंग्याही तिथल्याच बघाव्यात, असं ठरलं. जणू मुंग्यांना दिराच्या ओळखीची गरज होती.

सरांनी प्रश्न मात्र चांगला काढून दिला, हे मी मान्य करते. पावसाच्या रानातल्या मुंगीला रोजचं अन्न रोज मिळतं. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत होळीनंतर काही म्हणता काही उरत नाही, जमीन भेगाळते, गवत जळून जातं. तिथे दाणे वेचून साठवणाऱ्या मुंग्या असतात. त्या मधले कोरडे महिने काढतात कशा? बिळाचं तोंड बंद करून आत साठवलेलं खातात, की तशा उन्हातही बाहेर पडतात? एवढं एक जरी मी नीट पाहून आले असते तरी प्रबंध उभा राहिला असता. फक्त अट ही होती की बिळांना दिवाळीपासून मृगापर्यंत कोणी हात लावता कामा नये.

दिवाळी झाल्यावर मी पुण्याहून आगगाडीनं अकोल्याला आणि तिथून मोटारीनं वाशीमला उतरले. भावजींनी आधी शिरपूर सुचवलं, मोठं गाव आहे, देवळामुळे चार माणसांचं येणंजाणं असतं. मी जाऊन बघितलं तर जुन्या जैन मंदिराच्या भोवती यात्रेकरू मुंग्यांना साखर आणि पीठ घालत बसलेले. बिळंच्या बिळं पांढरी झालेली. असल्या लाडावलेल्या मुंग्या मला काय सांगणार होत्या? मी तिथूनच परत फिरले आणि भावजींना म्हटलं, मला असं गाव द्या जिथे मुंग्यांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. त्यांनी हसून किन्हीराजाला एका अशिलाच्या ओळखीनं खोली पाहून दिली. शेतीवाल्यांचं गाव. तिथे मुंगी म्हणजे खळ्यातली ज्वारी पळवणारी एक कटकट, एवढीच तिची किंमत.

खोली ज्यांच्या घरात होती त्या बाईंना सारं गाव मावशी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. पन्नाशी उलटलेली, काळीसावळी, उंच बाई. तीही विधवाच, मूलबाळ नव्हतं. शेत पुतण्या बघायचा, पण रोज पहाटे धुऱ्यावरून एक चक्कर मारून आल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. धुरा म्हणजे त्या भागात शेताचा बांध. मी आले त्या दिवशी अंगणात बायका जमल्या आणि तिनं सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "काहून आली वं बाई इकडे?"

मी म्हटलं, "मुंग्यांवर प्रबंध लिहायचा आहे."

"मुंग्यायचा परबंद कराले आली," मावशीनं मागे वळून सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या. एका म्हातारीनं तर माझ्याकडे बघून हात जोडले. मी चाट पडले. वाशीमला भावजींच्या बैठकीत चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांना हा शब्द दोनदा सांगावा लागला होता, आणि इथे एका दमात समजला. विद्येची कदर आहे हो गावाला, असं मला वाटलं. मी मनातून जरा फुलूनही गेले.

"धनी?" तिनं माझ्या कपाळाकडे बघत विचारलं.

"नाही. साथीत गेले."

"अन् पाट नाई लावला?"

"आमच्यात विधवा पुन्हा लग्न करत नाहीत."

"तुमच्यात मुंग्यायचा परबंद करतेत, पाट नाई लावत," ती म्हणाली. बायका हसल्या आणि मलाही हसू आलं. त्या गावात मी पहिल्या दिवशी हसले ते हेच.

किन्हीराजाबाहेर मावशीच्या आणि शेजारच्या शेतांच्या धुऱ्यांवर मी बिळं निवडली. दाणे वेचणाऱ्या मुंगीचं बीळ ओळखायला अवघड नसतं. तोंडाभोवती कोंड्याचं कडं असतं, दाण्याचं टरफल त्या सोलून बाहेर आणून टाकतात. पाखडलेल्या सुपाभोवती पडतो तसा तो कोंडा. प्रत्येक बिळापाशी मी एक खुंटी ठोकली आणि लांबून दिसावी म्हणून तिला चुना फासला. मग रोज सकाळी उन्हं वर येताना निघायचं, बिळाजवळ उकिडवं बसायचं, रांगा कुठे जातात ते बघायचं आणि काल रात्रीपासून पडलेला कोंडा चिमट्यानं उचलून कागदाच्या पुडीत घ्यायचा. कोंडा वाढला म्हणजे आत साठा खाल्ला जातोय, हे सरळ गणित होतं.

एकटं वाटायचं. उगाच सजवून कशाला सांगू? दिवसचे दिवस माझ्या तोंडून शब्द निघत नसे. पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात, वेचणीला बायका येत, आपापसात गात, खिदळत, आणि मी जवळून गेले की गप्प होत. तो त्यांचा उद्धटपणा नव्हता. माझ्याशी काय बोलावं हे त्यांना सुचत नसे, आणि मलाही सुचत नसे. माझी भाषा पुस्तकी, त्यांची वऱ्हाडी. मी "का" विचारावं आणि त्यांनी "काहून" म्हणावं, एवढ्यानंही मध्ये भिंत उभी राही. संध्याकाळी खोलीत येऊन मी मोठ्यानं टिपणं वाचत बसे. विषयासाठी नव्हे, माणसाचा आवाज कानावर पडावा म्हणून. कधी कधी आवाज बसलेला असे आणि पहिलं वाक्य घोगरं निघे.

बोलायची ती फक्त मावशी. तेही संध्याकाळी भाकरी थापताना, पाठ माझ्याकडे करून. "जेवली काय वं?" हा तिचा रोजचा प्रश्न. जेवण तीच वाढायची, तरी विचारायची. माझा चिमटा आणि पुड्या तिनं पाहिल्या होत्या. एकदा म्हणाली, "पोरी, तू मुंग्यायच्या दारातलं उचलून आनते. थे कशाले?"

"त्यातून समजतं मला, त्या काय खातात ते."

"हाव," ती म्हणाली. हाव म्हणजे हो, पण तिचा चेहरा पटल्यासारखा नव्हता. मग बराच वेळ ती भाकरी उगाचच थापटत राहिली.

होळीच्या सुमारास मला हिवतापानं धरलं. ज्या तापासाठी मला कारवारला जाऊ दिलं नव्हतं त्यानंच मला किन्हीराजात येऊन गाठलं, म्हणजे सरांची काळजी अगदीच फुकट गेली नाही. पुष्कळ दिवस मी खाटेवर पडून होते. भावजींनी कोयनेलच्या गोळ्या पाठवल्या, मावशीनं त्या गुळात घालून गिळायला लावल्या. थंडी भरली की ती माझ्या अंगावर दोन गोधड्या घालून वर आपण पाय दाबून बसे. तापात मी बडबडत होते म्हणे. काय बडबडत होते ते विचारलं तर म्हणाली, "मुंग्यायचंच. दुसरं हाये काय तुह्या डोक्यात? मी नाई गेली तं कसं व्हईन, मी नाई गेली तं कसं व्हईन, एवढंच."

मी उठले तोवर चैत्र लागला होता. पाय लटलट कापत असतानाही मी धुऱ्यावर गेले. खुंट्या जागेवर होत्या, बिळं शाबूत होती. मला हायसं वाटलं.

आणि मग वैशाखात ती गोष्ट घडली. माझ्या हिशेबानं एव्हाना बिळांची तोंडं मातीनं लिंपलेली असायला हवी होती. पण एकही तोंड बंद नव्हतं. सकाळी मी पोचे तेव्हा मुंग्यांची लगबग चाललेली असे, अंगानं चांगल्या पोसलेल्या, चकचकीत. आणि गंमत म्हणजे कोंड्याचं कडं वाढत नव्हतं. म्हणजे त्या साठ्याला हात लावत नव्हत्या. गवताची काडी उरली नव्हती, जमिनीच्या भेगांत माझा हात मनगटापर्यंत जाई, आणि तशात या मुंग्यांना रोज काहीतरी मिळत होतं. मला न दिसणारं काहीतरी. बिळाच्या तोंडाशी पांढुरकी भुकटी दिसे, ती मी खुंटीवरून गळलेला चुना समजले.

हा शोध होता. कोणत्याही पुस्तकात हे नव्हतं. कोरड्या मुलखातल्या मुंग्यांविषयी जे जे लिहिलेलं होतं ते सगळं उलटं पडत होतं, आणि ते मी बघत होते, मी, जिला कारवारला जाऊ दिलं नाही ती. मला इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना. मामंजींना कळवलं. त्यांनी कापऱ्या अक्षरात दोन ओळी पाठवल्या की मी मृगाची वाट बघतोय. मृगाच्या तोंडावर बिळं उघडून आतला साठा पाहिला की काम पुरं होणार होतं. पण कागदावर लिहून आनंद पुरा होत नाही, तो कोणाच्या तरी तोंडावर दिसावा लागतो. त्या संध्याकाळी मी मावशीपाशी जाऊन बसले आणि म्हटलं, "मावशी, माझ्या मुंग्या बघा, अशा उन्हातसुद्धा उपाशी नाहीत. दारं उघडी ठेवून बसल्यात."

"कायले राह्यतीन उपाशी?" मावशी म्हणाली. ती इतकी समाधानानं हसली की मला भरून आलं. या आडगावात एका बाईला तरी माझा आनंद कळला, असं वाटलं. त्या रात्री मी एक भाकरी जास्त खाल्ली.

पुढे एके दिवशी उकाड्यानं झोप लागेना म्हणून मी नेहमीपेक्षा खूप लवकर, तांबडं फुटायच्या आत बाहेर पडले. धुऱ्यावर कोणीतरी वाकलेलं दिसलं. उंचीवरून मावशी ओळखू आली. पदराचा ओचा केलेला होता, त्यातून ती चिमटीनं काहीतरी काढून माझ्या पहिल्या खुंटीपाशी घालत होती. घातलं, हात जोडले, पुटपुटली, आणि पुढच्या खुंटीकडे चालू लागली. मी मागोमाग गेले. जवळ जाऊन पाहिलं. ज्वारीचं पीठ होतं, त्यात गूळ चुरलेला.

मी तिथेच खाली बसले. चुना म्हणे. इतक्या परीक्षा दिलेली मी, आणि पीठ मला ओळखता आलं नव्हतं.

"मावशी, हे कधीपासून?" मी विचारलं.

ती दचकली, पण लपवायचं काही नसल्यासारखी वळली. "तू तापानं पडली तवापासून. तुहा नेम मोडला असता ना."

"कोणता नेम?"

"आता घ्या. तूच तं म्हनली, मुंग्यायचा परबंद कराले आली म्हून."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रबंध आणि परबंद. आमच्याकडे प्रबंध म्हणजे ग्रंथ. तिच्याकडे परबंद म्हणजे सोय, तजवीज, लग्नात वऱ्हाडाच्या उतरण्याचा करतात तो. पहिल्या दिवशी त्या म्हातारीनं हात जोडले होते ते माझ्या विद्येला नव्हते. एक विधवा बाई मुक्या जीवांच्या पोटाची सोय करायला पुण्याहून इतक्या लांब आली, म्हणून जोडले होते.

"सगळ्या बिळांना घातलंत?"

"एकबी सुटलं नाई," ती अभिमानानं म्हणाली. "तू चुन्याच्या खुंट्या ठोकून ठेवल्या, मंग सुटन कसं? तू तं रोज रिकाम्या हातानं जाये. मी म्हनलं, बाई भुलली, नाई तं पीठ नसंल तिच्यापाशी अन् मांगाले लाजत असंल. वरून त्यायच्याच दारातलं उचलून आने. मले लय वाईट वाटे."

मला राग आला. भयंकर राग आला, आणि मी आजही म्हणते की तो राग खरा होता. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही माझं सगळं वर्ष मातीत घातलंत."

"मातीत काहून? तोंडात घातलं, मुक्या जीवाच्या."

"मला त्या उपाशी हव्या होत्या. उपाशी राहून काय करतात तेच बघायला आले होते मी."

तिच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलंच नाही, आणि मग जे उमटलं ते बघून मला मान वळवावी लागली. मांडीवरचं पोर खाली टाकणाऱ्या बाईकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत होती. "उपाशी पाहाले आली?" ती हळूच म्हणाली. "अन् मी समजो, धन्यासाठी घालते. सराधाला मुंग्यायचा घास काढतेत ना, तसं. रोज त्याच्याच नावानं घातलं मी. नाव माईत नोतं, म्हून 'हिच्या धन्याच्या नावानं' म्हने."

ती ओचा सावरत घराकडे निघून गेली. उरलेलं पीठ तिनं वाटेत टाकलं नाही, तसंच घेऊन गेली.

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. भाकरी ताटात येई, "जेवली काय वं" येईना. मला वाटलं होतं की मी एकटेपणाला सरावले आहे. काही सरावले नव्हते. मला सवय झाली होती ती संध्याकाळच्या त्या एका प्रश्नाची. तो बंद झाल्यावर खोली खायला उठली, आणि मोठ्यानं वाचायलाही माझ्यापाशी काही उरलं नाही. टिपणं काढली की पीठ आठवे.

तरीही मी एक बीळ उघडलं. आशा मोठी चिवट असते. कुदळीनं बाजूनं खणत खोल गेले, कप्प्यामागून कप्पा उघडत. वरच्या कप्प्यांत पिठाचे गोळे होते, काही बुरसलेले. खालच्या कप्प्यांत गवताचं बी आणि ज्वारी सुगीत भरलेली तशीच्या तशी, न सोललेली. मुंग्या अंडी तोंडात धरून सैरावैरा धावत होत्या. मी खड्ड्याच्या काठावर बसून रडले. मामंजींसाठी रडले, कारवारच्या त्या फांदीसाठी रडले, आणि थोडी त्या मुंग्यांसाठीही, कारण त्यांचं घर मी विनाकारण फोडलं होतं.

सरांनी कळवलं की हरकत नाही, पुढच्या वर्षी नव्यानं बघू. ते भले गृहस्थ होते. पण पुढचं वर्ष त्यांच्याकडे होतं, माझ्याकडे नव्हतं. मामंजी त्याच वर्षीच्या थंडीत गेले. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. माझा हात धरून ते "डॉक्टर आले का" असं विचारत, आणि घरातले म्हणत, येतायत हं. त्यांना कोणता डॉक्टर हवा होता ते मला एकटीलाच ठाऊक होतं. पुढे लढाई सुरू झाली, सरांची बदली झाली. चुलीपासून सुटायला मला आणखी काही वर्षं लागली, आणि मग मुलींच्या शाळेत बेडकाचं काळीज दाखवता दाखवता जन्म सरला. नावामागं बाई लागलं, डॉक्टर काही लागलं नाही.

पण मला सांगायचंय ते किन्हीराजा सोडतानाचं. मृग तोंडावर आला होता. भावजींनी मला वाशीमला न्यायला रेंगी पाठवली, तिला बैल जुंपून झाले होते आणि माझी पेटी आत चढली होती. मावशी घरातून बाहेर येईना. मी दारात जाऊन म्हटलं, "येते मावशी." मी रेंगीत जाऊन बसले.

तेव्हा ती आली. हातात फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा होता. ते माझ्या मांडीवर ठेवून ती चाकाला हात लावून उभी राहिली. इतक्या दिवसांनी तोंड उघडलं ते माझ्याकडे न बघताच.

"झाला काय वं तुहा परबंद?"

"नाही मावशी. नाही झाला."

"मंग आता कोन करन?"

"कोणी नाही."

"मी करतो ना," ती म्हणाली, जणू धुऱ्यावरून मी जाता जाता कोथिंबीर आणते असं सांगावं. "खुंट्या राहू दे तशाच. उपटू नोको." मग म्हणाली, "पन नाव सांगून जाय त्याचं. किती दिवस 'हिचा धनी, हिचा धनी' म्हनू? त्यालेबी समजलं पाह्यजे, आपला घास कोनता हाये थे."

माझ्या नावाच्या मधोमध ते नाव होतं. कॉलेजच्या अर्जांवर, प्रयोगाच्या वह्यांवर, सगळीकडे मी ते लिहीत आले होते. पण नवऱ्याचं नाव बायको तोंडानं घेत नाही, आणि तो गेल्यावर तर घरात कोणीच घेत नसे. लग्नात सासरच्या उंबऱ्यावर, माप ओलांडताना, शिकवलेल्या उखाण्यात मी ते एकदा घेतलं होतं. तेवढंच.

मी नाव सांगितलं. आवाज बसलेला होता, घोगरा निघाला. मावशीला नीट ऐकू गेलं नाही. "पुन्यांदा सांग," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. तिनं ते आपल्या वऱ्हाडी तोंडानं एकदा म्हणून पाहिलं, थोडं चुकीचं, आणि विचारलं, "असंच ना?"

"हाव," मी म्हटलं.